पुढच्या जन्मासाठी अपात्र

२४ जून २०२१. गुरुवार, वटपौर्णिमा. करोनामुळे वडाभोवती गर्दी नको म्हणून हिने भाजीवाल्याकडून फांदी आणली, गॅलरीतल्या तुळशीशेजारी खोचली, तिला दोरा गुंडाळला आणि पुढचे सातही जन्म हाच नवरा मिळावा अशी मागणी रीतसर नोंदवली. (आमच्या गॅलरीतून पूर्वी मिठागरं दिसायची. आता समोरच्या टॉवरची गॅलरी दिसते. तिथेही एक फांदी होती.) त्याच रात्री साडेआठला, म्हणजे न्यूयॉर्कच्या घड्याळात सकाळचे अकरा वाजता, मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ जाहीर केलं आणि ते कोणत्या संगणकावर चालेल याच्या अटीही. झोपायच्या आत निकाल हाती होता. मला सात जन्मांची मंजुरी, माझ्या संगणकाला एकाचीही नाही.

मी भाईंदर पूर्वेचा हिशेबनीस. बाहेरच्या माणसाला भाईंदर ठाऊक असतं ते लोकलच्या पाटीवरून, पण तुमच्या स्वयंपाकघरातला एखादा स्टीलचा डबा आमच्याच गाळ्यांमध्ये पॉलिश होऊन आलेला असण्याची शक्यता बरीच आहे. असल्या डब्यांचा जीएसटी मी भरतो. मला संगणकाकडून तीनच गोष्टी लागतात: टॅली उघडावी, डिजिटल सहीचं टोकन ओळखलं जावं आणि प्रिंटरने कागद ओढावा. हे सगळं माझा २०१४ सालचा, चौथ्या पिढीचा आय-थ्री बिनतक्रार करत होता. तो विंडोज ७ घेऊन घरात आला. २९ जुलै २०१५ ला विंडोज १० निघालं, ते पहिलं वर्षभर फुकट होतं, आणि फुकट म्हटल्यावर भाईंदरमध्ये चर्चा होत नाही, रांग लागते. शिवाय त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्याच जेरी निक्सन नावाच्या गृहस्थांनी एका परिषदेत सांगून टाकलं होतं, की १० हे विंडोजचं शेवटचं रूप. चला, म्हटलं, आपली निवृत्ती यातच निघाली.

तर विंडोज ११ च्या घोषणेचा तो कार्यक्रम. पॅनोस पनाय नावाचे अधिकारी इतके भारावून बोलत होते, की मला आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची सभा आठवली. मीरा-भाईंदरमधल्या ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या कुठल्याही इमारतीत राहणाऱ्याला ही सभा ठाऊक असते. बिल्डरचा माणूस पडद्यावर चित्रं दाखवतो. चित्रातल्या आकाशात एकही विजेची तार नसते, लॉबीत परदेशी दिसणारी बाई कुत्रं घेऊन उभी असते, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतं, "ते ठीक आहे, पण पाण्याचं प्रेशर?" त्यावर पुढचं चित्र येतं. इथेही तसंच. खिडक्यांचे कोपरे गोल. पडद्यावर निळ्या कापडाच्या घड्यांचं उमलतं फूल. खिडक्या आपोआप शेजारी-शेजारी बसवायची सोय (ही मात्र खरंच चांगली आहे, बिल आणि लेजर एकदम दिसतात, मान्य). अँड्रॉइडची अ‍ॅप्स संगणकावर चालणार. मी अख्खा कार्यक्रम वाट पाहिली. प्रिंटरचं नाव काही कानावर आलं नाही.

गोल कोपऱ्यांचं कौतुक तर मला कळेचना. विंडोज ७ चे कोपरे गोलच होते. २०१२ साली विंडोज ८ ने ते काटकोनात कापले, तेव्हाही हे आधुनिक आहे असंच सांगितलं होतं. आता नऊ वर्षांनी पुन्हा घासून गोल केले, तर तेही आधुनिक. मजुरी दोन्ही वेळा लागलीच असणार.

डाव्या बाजूने एक पडदा सरकत येतो, त्यात बातम्या आणि हवामान. मुलीने मला तो कौतुकाने दाखवला. "बाबा, बघा, भाईंदरचं हवामान!" ही आतून ओरडली, "कपडे भिजतायत, गॅलरीत बघा आधी!" या विषयावर मला यापेक्षा नेमकं परीक्षण कुठे वाचायला मिळालेलं नाही.

पण खरा धक्का होता स्टार्टच्या बटणाचा. ते उचलून मध्यभागी आणून ठेवलेलं. तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? महाराष्ट्राबाहेरच्याला कळणार नाही. २००२ साली एमकेसीएलने एमएस-सीआयटी सुरू केलं आणि कारकून, शिक्षक, ग्रामसेवक, नोकरीच्या आशेवरची पोरं अशा सगळ्यांना महाराष्ट्राने संगणकासमोर बसवलं. कोर्सची पुस्तकं जाड होती, पण पन्नाशीच्या माणसाच्या डोक्यात त्यातलं एकच वाक्य पक्कं बसलं: खाली, डावीकडे, कोपऱ्यात. काही कळेनासं झालं की माउस तिकडे न्यायचा. १९९५ च्या ऑगस्टपासून ते बटण त्या कोपऱ्यात होतं. मधल्या २६ वर्षांत आमच्या गावची नगरपालिका महापालिका झाली, फाटकांवर पूल आले, सरकारं आली-गेली. बटण हललं नव्हतं. (विंडोज ८ ने ते थेट गायबच केलं होतं, पण लोकांनी एवढा आरडाओरडा केला, की वर्षभरात परत आणावं लागलं.) त्यातच टास्कबारची नवी पट्टी खालच्या कडेलाच खिळलेली. बोरिवलीचे माझे एक ज्येष्ठ स्नेही ती पट्टी वर्षानुवर्षं पडद्याच्या डाव्या कडेला उभी लावतात. त्यांना ही बातमी फोनवर मीच दिली. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारलं, "डावीकडे काय वाईट होतं रे?"

आता अटी. चार जीबी मेमरी आणि चौसष्ट जीबी जागा, इथवर आम्ही पास. मग आला टीपीएम २.०. ही मदरबोर्डवरची किंवा प्रोसेसरच्या आतली तिजोरी: संगणकाच्या गुप्त किल्ल्या तिच्यात राहतात, म्हणजे चोराने डिस्क पळवली तरी कुलूप उघडत नाही. कल्पना उत्तम. आणि त्यापुढे प्रोसेसरची यादी. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे २०१७ नंतरचा. माझा चौथ्या पिढीचा. आपल्याकडे सात पिढ्या बसून खातात म्हणतात. इथे चौथीतच नाव कापलेलं.

तुमचा संगणक पात्र आहे की नाही हे सांगायला कंपनीने 'पीसी हेल्थ चेक' नावाचा प्रोग्रॅम दिला होता. जून २०२१ मध्ये 'हेल्थ चेक'चा निकाल म्हटलं की पोटात गोळा यायचा, त्यात हा प्रोग्रॅम नुसता 'चालणार नाही' म्हणायचा, कारण सांगायचा नाही. जगभर लोक इतके गोंधळले, की चार दिवसांत तो मागे घेतला गेला. दरम्यान टीपीएमचे सुटे तुकडे अव्वाच्या सव्वा भावाने विकले जाऊ लागले. मी आमच्या संगणकवाल्याकडे गेलो. निर्बंधांमुळे तो दुपारीच शटर ओढायचा. अर्ध्या शटरखालून तो म्हणाला, "काका, कालपर्यंत ही वस्तू कुणी मागितली नव्हती. आज सकाळपासून तुम्ही चौथे. मला आधी सांगा, ती दिसते कशी?"

लक्षात घ्या, ते दिवसच पात्र-अपात्रतेचे होते. लोकलमध्ये फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांना प्रवेश. भाईंदरच्या माणसाला लोकल बंद म्हणजे काय, हे सांगायला नको. स्टीलच्या डब्यांचा हिशेब अत्यावश्यक नाही, हे सरकारने ठरवलं होतं. आता हिशेबाचा संगणकही चालणार नाही, असं कंपनी म्हणत होती. सरकारने निदान १५ ऑगस्टपासून दोन डोस घेतलेल्यांना गाडीत घेतलं. माझ्या आय-थ्रीसाठी लस नव्हती.

वटपौर्णिमेच्या त्या रात्रीच जेवताना मी बराच वेळ बोललो होतो. चांगला चालणारा संगणक केवळ एका चिपसाठी अपात्र कसा, याच्या डोक्यात तिजोरी नाही म्हणून याला पुढचा जन्म नाही का, वगैरे. हिने उपवास सोडत शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, तुमच्यात तरी कुठे आहे ती चिप? मी मागितलंच ना?"

यावर कुठल्याही कंपनीकडे उत्तर नाही.

विंडोज ११ त्या वर्षी ५ ऑक्टोबरला बाजारात आलं. ज्या अँड्रॉइड अ‍ॅप्सचा एवढा गाजावाजा झाला, ती सोय मार्च २०२५ मध्ये बंदही झाली. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षेची डागडुजी मागून घेतली तर एक वर्ष आणखी. जुन्या आय-थ्रीवर मुलीने लिनक्स घातलं आणि तो पहिल्यापेक्षा चपळ झाला, पण टॅलीसाठी मला नवा संगणक घ्यावाच लागला. त्यात ११ आहे. माझं मत विचाराल, तर वाईट नाही: सुरक्षित आहे, देखणं आहे, आणि आधीच्याच घराला नवा रंग दिलेला आहे.

तुम्ही जुना संगणक भंगारात घालणार असाल, तर आधी बायोस उघडून बघा. मधल्या वर्षांतल्या बऱ्याच यंत्रांत ती तिजोरी असते, फक्त बंद करून ठेवलेली असते. द्यायचाच झाला तर डिस्क काढून घ्या, तुमचं आधार आणि पॅन तिच्यात आहे. आणि नवा घेतलात तर सेटिंग्जमध्ये जा, पर्सनलायझेशन, मग टास्कबार, मग अलाइनमेंट, आणि तिथे 'लेफ्ट' करा. बटण जागेवर येतं.