सांगलीतला फ्रीक्वेंट फ्लायर

सांगलीला विमानतळ नाही. कवलापूरला जुनी धावपट्टी आहे आणि तिथे विमानतळ व्हावा अशी मागणीही आहे. निवडणूक आली की ही मागणी थोडी वेग घेते आणि मतमोजणी झाली की पुन्हा जागेवर येऊन उभी राहते. आम्हाला विमानात बसायचं तर कोल्हापूर गाठायचं, नाहीतर पुणे. मुंबईला जायचं असेल तर रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची आणि सकाळी दादरला उतरायचं. अशा गावात राहून माझ्या पाकिटात विमानप्रवासाची चार क्रेडिट कार्डं होती. त्यातलं एक धातूचं होतं. काउंटरवर टाकलं की ते ठण्ण वाजायचं, आणि सुरुवातीला मी केवळ ते वाजवायला मेडिकलमधून क्रोसिन आणत असे.

हा नाद लावला मेहुण्यानं. तो पुण्याला आयटीत आहे आणि त्याच्या बोलण्यात ‘स्वीट स्पॉट’ हा शब्द मिठाईशी संबंध न येता येतो. एकदा दिवाळीला आला असताना मी वाण्याला रोख पैसे दिलेले त्यानं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “दाजी, तुम्ही वर्षाला एक सिंगापूरचं तिकीट गटारात सोडताय.”

मग त्यानं मला डेव्हिड फिलिप्सची कथा सांगितली. हा कॅलिफोर्नियातला इंजिनिअर. १९९९ साली अमेरिकेत एका खाद्यपदार्थांच्या कंपनीनं योजना काढली, की आमच्या पाकिटांवरचे बारकोड कापून पाठवा आणि विमानाचे मैल मिळवा. या गृहस्थानं हिशोब केला, सगळ्यात स्वस्त माल चॉकलेट पुडिंग. तीन हजार डॉलरच्या आसपास खर्चून त्यानं बारा हजारांवर कप उचलले. बारकोड सोलायला माणसं कुठून आणायची? तर साल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेला सांगितलं, बारकोड तुम्ही काढा, पुडिंग तुम्हीच ठेवा. मैल मिळाले साडेबारा लाखांच्या घरात, वर दान केलं म्हणून करात सूट. पुढे तर अमेरिकेतल्या काही बहाद्दरांनी सरकारी टांकसाळीची डॉलरची नाणीच कार्डावर मागवली. टपालखर्च टांकसाळ सोसायची. नाणी घरी आली की तशीच बँकेत भरायची, त्यातून कार्डाचं बिल भागवायचं, मैल खिशात. २०११ मध्ये टांकसाळीनं नाण्यांसाठी कार्ड घेणंच बंद केलं, तोवर लोक फिरून आले.

हे ऐकून रात्री मला झोप लागली नाही. सांगलीत टांकसाळ नाही याचं मला प्रथमच वाईट वाटलं.

कार्डं मिळायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो ती सांभाळायला. प्रत्येकाची वार्षिक फी, तिच्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे पाच हजारांचं कार्ड ५,९०० ला पडतं आणि दहा हजारांचं ११,८०० ला. पण कागदावर बारीक अक्षरात दिलासा असतो: वर्षात अमुक लाख खर्च करा, फी माफ. फी वाचवण्यासाठी खर्च करायचा, ही कल्पना मला इतकी पटली की मी वहीच घातली.

आणि मग कळलं, की आपण ज्याच्यावर पैसे खर्च करतो त्यातलं निम्मं बँक खर्च मानत नाही. पेट्रोल धरत नाहीत. घरभाडं धरत नाहीत, उलट त्यावर वेगळा आकार लावतात. वॉलेटमध्ये भरलेले पैसे धरत नाहीत. दुकानाच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, बँक त्याला ओळखते ती एका चार आकडी कोडवरून. एखादा आकडा इकडचा तिकडे झाला तरी तुमची जात बदलते. पेट्रोल पंप म्हणजे ५५४१. हे मला इतकं पाठ असण्याचं कारण अख्खा मसूर. महामार्गावर पंपाच्या आवारातच एक हॉटेल आहे, तिथे आम्ही घरचे सगळे जेवलो. हॉटेलचं मशीन बिघडलेलं होतं, म्हणून पोरानं पळत जाऊन पंपावरचं आणलं. महिनाअखेरीला त्या जेवणाचे पॉइंट शून्य. ॲपवर त्याच्यापुढे पंपाचं छोटं चित्र.

“म्हणजे त्या दिवशी आपण अख्खा मसूर टाकीत भरून घेतला,” बायको म्हणाली.

बायकोबद्दल सांगायला हवं. ती इथल्या एका पतसंस्थेत वसुली विभागात आहे. गोड बोलून थकबाकी काढण्यात तिचा हात कोणी धरत नाही. माझ्या वहीकडे ती अधूनमधून थकबाकीदाराच्या घराकडे बघावं तशी बघायची, पण काही बोलायची नाही.

मार्च आला. धातूच्या कार्डाची फी माफ व्हायला मोठी रक्कम कमी पडत होती. मी ओळखीत सांगून टाकलं, कुणाला काही घ्यायचं असेल तर माझ्या कार्डावर घ्या, पैसे मला सावकाश द्या. लोकांनी शब्दाचा मान राखला. ऑफिसातल्या एकानं फ्रिज घेतला, शेजाऱ्यांनी मुलीच्या क्लासची फी भरली, भाच्यानं मोबाइल. गणपती पेठेत वर्षाचा किराणा भरायला मीही गेलो. व्यापाऱ्यानं कार्डाकडे बघितलं. “रोख देतासा का हे? हे द्यायचं तर दोन टक्के जादा बघा.” माझ्या कार्डावर परत मिळणार होतं ते फार तर एक टक्का. मी रुबाबात कार्ड ठण्णकन टाकलं आणि दोन टक्के देऊन एक टक्का घरी आणला.

‘सावकाश’ हा शब्दही लोकांनी मनावर घेतला. बिलाची तारीख आली तेव्हा फ्रिज थंड होता आणि फ्रिजवालाही. बिल पूर्ण भरलं नाही तर कार्डावर महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के व्याज लागतं. वर्षाचे बेचाळीस ते पंचेचाळीस.

“आमच्या संस्थेनं हा दर लावला तर लोक मोर्चा आणतील,” बायको एवढंच म्हणाली आणि फ्रिजवाल्याचा नंबर मागितला. चार दिवसांत पैसे आले. तिनं त्याला काय सांगितलं ते मला आजतागायत माहीत नाही, पण तो मला बघितलं की जिना उतरतो.

एवढ्या खटाटोपाचं फळ म्हणजे विमानतळावरचं लाउंज. मुंबईहून विमान होतं. मी बायकोला चार तास आधी नेलं, कारण लाउंजमध्ये ‘निवांत’ बसायचं होतं. तिथे निवांत बसायला आलेल्यांची रांग दाराबाहेर गेली होती. आमचा नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं कार्ड घासून दोन रुपये घेतले आणि नम्रपणे सांगितलं, की या कार्डावर पाहुणा फुकट नाही. मॅडमचे पूर्ण पैसे पडतील. आकडा ऐकून आम्ही एकमेकांकडे बघितलं. इथे चांगल्या नवऱ्यानं काय केलं असतं हे मला ठाऊक आहे. मी दोन रुपये आधीच दिलेले होते.

आत मी उपमा खाल्ला. छोले खाल्ले. सूप प्यायलो, केक घेतला आणि फी ११,८०० आहे हे आठवून परत उपम्याकडे गेलो. बाहेर आलो तेव्हा बायको गेटजवळ दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढून बसली होती. शेजारी मिरजेच्या एक बाई, त्यांच्या मांडीवर आमचा डबा. दोघींची चांगली मैत्री जमली होती. “हे आमचे,” बायकोनं ओळख करून दिली, “आत मोठ्या लोकांत होते.”

पुढच्या वेळी तर मलाही दारातून परत पाठवलं. आता मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच आत सोडतात, असा नियम त्या बँकेनं मध्येच केला होता. माझा तिमाहीचा खर्च झाला होता, पण पेट्रोलवर.

दुबईचं मी थोडक्यात सांगतो, कारण तो भाग बायको पाहुण्यांना सविस्तर सांगते. परदेशात आपलं साधं कार्ड वापरलं की साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप आणि त्याच्यावर जीएसटी, असे ४.१३ टक्के जातात, लाखाला ४,१३०. माझ्याकडे हा मार्कअप अजिबात न लावणारं एक कार्ड होतं. ते दिसायला साधं, प्लास्टिकचं, म्हणून पाकिटाच्या मागच्या कप्प्यात. मी मॉलमध्ये धातूचं काढलं. मशीननं विचारलं, पैसे दिरहममध्ये घेऊ की रुपयांत? परक्या मुलखात रुपयाचं नाव दिसल्यावर माझा ऊर भरून आला. मी रुपया दाबला. त्या बटणाचा अर्थ असा, की रुपयाचा भाव तो दुकानदाराचा माणूस ठरवणार, स्वतःचा नफा धरून. देशप्रेमाची एवढी महाग पावती मी आजवर फाडलेली नाही.

घरी आल्यावर बायकोनं वही मागितली. पतसंस्थेतल्यासारखे रकाने आखले: फी अधिक जीएसटी, मिळालेलं, आणि ‘नसतं मिळालं तर रोख देऊन घेतलं असतं का’. शेवटच्या रकान्यानं माझा घात केला. लाउंजच्या जेवणाचे मी दीड हजार धरले होते. तिनं खोडले. “दशम्या घरून नेल्या होत्या. शून्य.” पहिल्या वर्षी कार्ड घेताना मिळालेले बोनस पॉइंट मी अभिमानानं पुढे केले. “ते रुखवत झालं. रुखवतातल्या लाडवांवर कुणी संसार करत नाही. दुसऱ्या वर्षाचं बोला.”

मी म्हणालो, पॉइंट साठवून ठेवलेत, एकदम बिझनेस क्लासनं जाऊ.

“मुदत ठेव आहे का ती? व्याज किती?”

व्याज नव्हतं. उलट एका पॉइंटला किती मैल आणि एका तिकिटाला किती मैल, ही दोन्ही टोकं दुसऱ्याच्या हातात. ती मधूनच सरकतात, आणि आपल्या बाजूला सरकल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. शिवाय विमान कंपन्यांचं आयुष्य. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट १७ एप्रिल २०१९ ला, विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. विस्ताराचे मैल निदान एअर इंडियाकडे गेले. “ठेवीदाराला एवढं तरी कळायला हवं की ठेव कुठल्या शाखेत आहे,” ती म्हणाली.

मी हळूच विचारलं, सगळीच बंद करायची का? इथे मात्र तिनं मला थांबवलं. मॉलच्या दारातल्या टेबलावर कधीकाळी घेतलेलं, आजन्म फुकट, पंचवीस हजार लिमिटचं जुनं कार्ड तिनं वेगळं काढलं. “हे ठेवायचं. ह्यावर तुमची सगळ्यात जुनी परतफेड आहे.” पतगुणांक तीनशे ते नऊशेत असतो, त्यात खात्याचं वयही मोजतात आणि एकूण लिमिटपैकी किती वापरता तेही. दुसरं ठेवलं ते बिनमार्कअपचं प्लास्टिक, कारण मुलगी जर्मनीत शिकते आणि तिच्याकडे जाणं होणार आहे. बाकीच्यांबद्दल नियम पतसंस्थेचा: “आमच्याकडे कर्जाचं नूतनीकरण आलं की जुनी ओळख बघत नाहीत. नवा अर्ज समजून कागद तपासतात. हे आज दारात आलं असतं तर एवढी फी भरून घेतलं असतं?”

धातूच्या कार्डाच्या बाजूनं माझ्याकडे एकच मुद्दा होता, आणि तो आवाजाचा होता.

उरलेल्या पॉइंटांतून कॅटलॉगमधली एक ट्रॉली बॅग आली. ती मागवण्याचे ९९ अधिक जीएसटी वेगळे. मग कस्टमर केअरला फोन. तिथल्या मुलानं विचारलं, सर, आमची काही चूक झाली का? अर्धी फी माफ करतो. नको म्हटलं. पूर्ण करतो. माझा आवाज बदललेला बायकोला स्वयंपाकघरात ऐकू गेला. तिनं फोन घेतला, “पुढच्या वर्षीपण करणार का? लिहून द्या,” म्हणाली, आणि मुलानं विनंती नोंदवली.

त्याच रात्री मला रिझर्व्ह बँकेचा नियम सापडला. १ जुलै २०२२ पासून आहे. कार्डावर बाकी नसेल तर बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करायची. उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये. दिवसाला पाचशे! एवढा परतावा मला एकाही कार्डानं दिला नव्हता. मी वहीत नवीन पान काढलं. महिनाभर बँकेनं विसरावं, म्हणजे पंधरा हजार. मध्ये दुसरा शनिवार होता, एक सण होता, कर्मचारी रजेवर जाणारच. मी फोन करून आठवण द्यायची नाही असं पक्कं ठरवलं.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी दुपारी मेसेज आला, आपलं कार्ड बंद करण्यात आलं आहे. पॉइंट जमा करायला या लोकांना नव्वद दिवस लागायचे.