हजेरीपटावरचा शिष्य

हिंदुस्थानी संगीतातील गुरू, शिष्य, रसिक आणि समीक्षक या चार वर्गांविषयी मराठीत विपुल लेखन झाले असले, तरी त्यांच्या मधोमध विसाव्या शतकात उगवलेल्या पाचव्या वर्गाची, म्हणजे कला केंद्रात संगीताची पदवी घेणाऱ्या अठरा-वीस वर्षांच्या विद्यार्थ्याची, शास्त्रशुद्ध नोंद कोणी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या पिढीपर्यंत शिकणाऱ्याला गुरूच्या घरी राबावे लागे आणि गुरूची मर्जी हाच अभ्यासक्रम असे. पुढे त्यांचेच शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, विष्णु नारायण भातखंडे यांनी रागांची दहा थाटांत, म्हणजे स्वरांच्या दहा मूळ साच्यांत, वाटणी करून वर्गात शिकवण्याजोगी पुस्तके सिद्ध केली, १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उभे राहिले, आणि संगीताला वर्ग, फळा, परीक्षा व हजेरीपट हे चार नवे अलंकार प्राप्त झाले. १९८७ मध्ये सुरू झालेल्या पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राने तर नावाशीच ‘गुरुकुल’ हा शब्द जोडून दोन्ही व्यवस्था एका छपराखाली नांदवण्याचे धाडस केले. या साऱ्या इतिहासाचे जे फलित आज खांद्याला तानपुरा लावून बसथांब्यावर उभे असते, ते प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

या विद्यार्थ्याचे मूळ लक्षण असे की, तो एकाच वेळी दोन राज्यांचा प्रजाजन असतो. दिवसा तो विद्यार्थी असतो, अध्यापकांना ‘सर’ म्हणतो, पंचाहत्तर टक्के हजेरीचा हिशेब ठेवतो आणि सत्र परीक्षेचा अर्ज मुदतीच्या शेवटच्या दिवशी भरतो. सायंकाळी तोच शिष्य होतो, गुरुजींच्या दारात चपला काढताना आवाज उतरवतो, आणि एखाद्या थोर गवयाचे नाव निघताच, तो गवई त्याच्या जन्मापूर्वीच दिवंगत झालेला असला तरी, तत्परतेने कानाच्या पाळीला हात लावतो. दोन्ही राज्यांचे कायदे मात्र परस्परविरोधी असतात. गुरुजींच्या मते यमन हा एकच राग वर्षभर गायला तर दुसऱ्या वर्षी तो थोडासा कळू लागतो, तर विद्यापीठाच्या मते सत्र संपण्यापूर्वी यमन आटोपून आणखी कित्येक राग आरोह-अवरोहासह तोंडपाठ होणे आवश्यक असते. परिणामी विद्यार्थी यमन एका ठिकाणी संपवतो आणि दुसऱ्या ठिकाणी सुरूच करत नाही.

लेखी परीक्षेत त्याचे खरे तेज दिसते. भूप आणि देसकार या दोन्ही रागांत षड्ज, ऋषभ, गंधार, पंचम आणि धैवत हे तेच पाच शुद्ध स्वर लागतात. परंतु भूप कल्याण थाटातला, रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायचा आणि गंधार वादी असलेला, म्हणजे गंधारावर सर्वाधिक भर देणारा, तर देसकार बिलावल थाटातला, सकाळचा आणि धैवत वादी असलेला, हा भेद तो पट्टीने रेघ मारून दोन रकान्यांत इतक्या निर्मळपणे मांडतो की परीक्षकाला गुण कापायला जागा उरत नाही. त्यानंतर प्रात्यक्षिकाला देसकार सुरू करून तो तिसऱ्या आलापात भूपात शिरतो, पाचव्या आलापात आपण भूपात आहोत हे त्याच्या ध्यानात येते, आणि घाईघाईने धैवतावर परतताना त्याच्या चेहऱ्यावर चुकीच्या गाडीत चढलेल्या प्रवाशाचे भाव असतात. परीक्षक बहुधा सहृदय असतात. ते त्याला तेथेच थांबवतात आणि हाताने टाळी देऊन झपतालाची दुगुन, म्हणजे दहा मात्रांचे बोल दुप्पट लयीत, म्हणायला सांगतात, जेणेकरून देसकाराची आणखी हानी टळते.

रागसमयाचा सिद्धांत, म्हणजे प्रत्येक रागाला दिवसाचा ठरावीक प्रहर असतो हे तत्त्व, त्याने पहिल्याच सत्रात अभ्यासलेले असते आणि त्यावर तो निबंधही लिहू शकतो. पण वेळापत्रक करणाऱ्याने तो निबंध वाचलेला नसतो, आणि म्हणून मध्यरात्रीचा दरबारी दुपारी साडेबाराला, डबा उघडण्यापूर्वी, गावा लागतो, तर पहाटेचा ललित शिकवण्याचा तास नेमका जेवणानंतर येतो. भुकेल्या पोटी गायलेल्या दरबारीत एक विशेष गांभीर्य उतरते, हे मात्र निःपक्षपातीपणे मान्य केले पाहिजे.

या वर्गाच्या अभ्यासकाला तानपुऱ्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. ज्या मिरजेच्या तंतुवाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेथून आणलेला हा भोपळ्याचा आणि लाकडाचा डौलदार पदार्थ बहुधा घरातल्या कोणाच्या तरी मोडलेल्या ठेवीतून आलेला असतो आणि तो गवसणीत, म्हणजे कापडी खोळीत, घालून रिक्षातून नेताना त्याची मान एका बाजूने व मालकाची दुसऱ्या बाजूने बाहेर राहते. एसटीत वाहक त्याच्या तिकिटाचा विषय काढतो आणि शेजारचा प्रवासी “सतार का?” असे हमखास विचारतो. प्रथम वर्षाचा विद्यार्थी यावर सतारीला पडदे असतात आणि तानपुऱ्याला नसतात, सतार वाजवायची असते आणि तानपुरा आधारस्वरासाठी छेडायचा असतो, असे पुढच्या थांब्यापर्यंत समजावतो; तृतीय वर्षाचा विद्यार्थी “हो” म्हणतो. वाद्य मुक्कामी पोचले की ते लावण्याचे काम सुरू होते. चार तारांपैकी पहिली पंचमात, मधली जोडी षड्जात आणि शेवटची खर्जात, म्हणजे खालच्या षड्जात, मिळवायची, मालकंसासारख्या पंचम वर्ज्य असलेल्या रागासाठी पहिली तार मध्यमात उतरवायची, मग घोडीवर तारेखाली सुती धागा सरकवत जवारी, म्हणजे तारेतला तो गुंजणारा झंकार, शोधायची, या उद्योगात पाऊण तास सहज जातो आणि रियाझाचा एक तास पुरा झाल्याचे समाधान लाभते. वसतिगृहात हे जमत नसल्याने तो मोबाइलमधला तानपुरा लावतो, जो बिनचूक सुरात वाजतो आणि ज्यावर आलाप रंगात आलेला असताना नेमका बँकेचा फोन येतो.

गळ्याच्या बाबतीत तो वैद्य असतो. दही, लोणचे आणि बर्फ यांचे दुष्परिणाम तो तपशिलाने सांगतो, मे महिन्यात गळ्याला मफलर गुंडाळतो, खिशात ज्येष्ठमध आणि खडीसाखर बाळगतो, आणि रात्री अकराला चौकातल्या गाडीवर वडापाव खाताना हिरवी मिरची वेगळी मागून घेतो. दुसऱ्या दिवशी आवाज बसला तर त्याचे खापर हवेवर फुटते.

त्याच्या मैत्रीतही व्यवहाराचा अंश असतो, कारण गायनाच्या विद्यार्थ्याला ठेका धरणारा कोणीतरी लागतो आणि तबल्याच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट पूर्णपणे ठाऊक असते. विलंबित एकतालाच्या बारा मात्रांचे एक आवर्तन पुरे व्हायला जवळपास एक मिनिट लागते, तेवढ्या अवधीत गायक स्वरविस्तार करत हिंडत असतो आणि तबलजी तेच मोजके बोल संथपणे वाजवत त्याची समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, वाट पाहत असतो. या सहनशीलतेचा मोबदला मिसळीच्या रूपाने घेतला जातो. गायक सम चुकल्यास त्या मिसळीवर जादा तर्रीचा आणि चहाचा हक्क उत्पन्न होतो, आणि पहिल्या वर्षात तबलजींची प्रकृती सुधारलेली आढळते ती यामुळेच.

मतांच्या बाबतीत एक नियम निश्चितपणे मांडता येतो. प्रथम वर्षात विद्यार्थ्याची मते सर्वाधिक असतात. १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात भारतीय बैठकीवर मांडीने ताल धरून बसलेला हा तरुण नामांकित गायकाच्या निषादाविषयी शेजाऱ्याकडे चिंता व्यक्त करतो, अमक्याने घराण्याची, म्हणजे पिढीजात शैलीची, शिस्त मोडली असा निकाल देतो आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या मैफली आपण ऐकल्या असल्याप्रमाणे त्यांची सय काढतो. द्वितीय वर्षात त्याला कुकरची शिट्टी काळी चारमध्ये आहे हे कळू लागते. तृतीय वर्षात त्याला स्वतःचे ध्वनिमुद्रण ऐकून आपला षड्ज कुठे हलतो हे कळते, आणि त्यानंतर तो इतरांच्या निषादाविषयी फारसे बोलत नाही. पदवीच्या गुणपत्रिकेत या घटनेसाठी रकाना नाही, परंतु हजेरीपट आणि गुरुजी या दोघांचे ज्या एका गोष्टीवर एकमत व्हावे अशी ती बहुधा एकमेव गोष्ट असावी.

पुढे यातले काही आकाशवाणीच्या स्वरचाचणीला बसतात, काही नेट-सेटचा अभ्यास करतात, पुष्कळजण संध्याकाळी मुलांना ‘सा’ लावायला शिकवतात. मैफलीचा गवई एखादाच होतो, आणि उरलेले ती मैफल समजून ऐकतात, हे काम गाण्याहून कमी गरजेचे नाही. तोवर त्याच्या नातेवाइकांना एवढीच विनंती की, लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढून झाल्यावर त्याला “एखादं छोटंसं गाणं म्हण ना रे” असे म्हणू नये; ऐकायचेच असेल तर जेवणाआधी सांगावे, तानपुरा लावून होईपर्यंत बोलू नये, आणि किमान अर्धा तास उठू नये.