भिंगं सरकत नव्हती

ऑक्युलस या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने २०१२ च्या ऑगस्टमध्ये किकस्टार्टरवर अडीच लाख डॉलर मागितले आणि साडेनऊ हजार लोकांनी मिळून तिला चोवीस लाखांहून जास्त दिले. त्यातून ‘रिफ्ट’ या व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटची पहिली डेव्हलपर आवृत्ती निघाली. नाव डीके-१, किंमत ३०० डॉलर. २०१३ च्या मार्चअखेरीपासून ती प्रोग्रॅमरांच्या हाती पडू लागली. व्हीआरचा इतिहास सांगणारे या यंत्राचं कौतुक करतात, आणि ते रास्तच आहे. पण त्याच्या बारीकसारीक त्रासांना त्या इतिहासात जागा मिळत नाही. माझी तक्रार त्या त्रासांबद्दल आहे. किरकोळ म्हणून ते सोडून देण्याची पद्धत पडली आहे, म्हणूनच ते एकदा नीट नोंदवायला हवेत.

पहिली तक्रार भिंगांच्या अंतराची. डीके-१ मध्ये दोन भिंगांच्या मध्यांत ६३.५ मिलिमीटर अंतर होतं आणि ते बदलता येत नव्हतं. प्रौढ माणसाच्या दोन बुबुळांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास भरतं, त्यामुळे आकडा कागदावर बरोबर दिसतो. प्रत्यक्षात ते माणसागणिक साधारण ५० पासून ७५ मिलिमीटरपर्यंत बदलतं, आणि स्त्रियांची सरासरी पुरुषांपेक्षा दोनेक मिलिमीटरने कमी असते. ज्यांचे डोळे फार जवळ किंवा फार लांब, त्यांना भिंगाच्या मधोमध बघताच येत नाही. चित्राची धार जाते, डोळ्यांवर ताण येतो, थोड्या वेळाने कपाळ दुखायला लागतं. आपल्या डोळ्यांमधलं अंतर सॉफ्टवेअरमध्ये भरायची सोय होती, पण तिने चित्र सरकायचं. भिंग जागचं हलायचं नाही. साध्या दुर्बिणीलाही मधे बिजागरी असते.

दुसरी तक्रार चष्मेवाल्यांच्या वतीने. खोक्यात भिंगांच्या तीन जोड्या येत. ए ही जोडी लांबचं नीट दिसणाऱ्यांसाठी, बी थोडा ऱ्हस्वदृष्टीचा नंबर असणाऱ्यांसाठी, सी जास्त नंबर असणाऱ्यांसाठी. तिरक्या अक्षाचा, सिलिंड्रिकल नंबर असेल, तर या तिन्हींतलं काहीच पुरं पडत नसे. मग चष्म्यावरच हेडसेट चढवायचा. त्यासाठी दोन्ही बाजूंचे स्क्रू नाण्याने फिरवून स्क्रीन पुढे ढकलायचा. असं केलं की डोळे भिंगापासून लांब जातात आणि दिसणारं दृश्य आक्रसतं. म्हणजे ज्या रुंद दृश्यासाठी पैसे मोजले, त्यातलंच काही चष्मेवाल्याने सोडून द्यायचं.

शिवाय भिंगं बदलताना आतला स्क्रीन उघडा पडे. धूळ आत जाऊ नये म्हणून हेडसेट उलटा धरून भिंग काढावं लागे. तरीही एखादा कण आत गेलाच, तर भिंग त्याला स्क्रीनसकट मोठं करून दाखवी. एकाच हेडसेटवर तिघांनी आलटून पालटून काम करायचं, तर प्रत्येक वेळी हा सगळा खटाटोप. ज्या कचेरीत अनेकांनी मिळून एक हेडसेट घेतला होता, तिथे भिंगं बदलणं हा कामाचाच भाग होऊन बसायचा.

तिसरी तक्रार वायरींची. हेडसेटमधून निघालेली केबल एका छोट्या कंट्रोल बॉक्समध्ये जाई. त्या बॉक्सला व्हिडिओची केबल, यूएसबीची केबल आणि पाच व्होल्टचा अडॅप्टर जोडायचा. ब्राइटनेस आणि काँट्रास्टची बटणंही त्या बॉक्सवरच. डोक्यावर हेडसेट असताना बॉक्स दिसत नाही, म्हणजे बटण चाचपडत शोधायचं. हेडफोन यंत्रात नव्हते, त्यामुळे कानांसाठी आणखी एक वायर. मागे वळून बघा असं सांगणाऱ्या यंत्राने मागे वळणाऱ्याच्या मानेभोवती वायर गुंडाळू नये, ही अपेक्षा जास्त नाही.

चौथी तक्रार स्क्रीनची. सात इंची एलसीडी पॅनेल, १२८० बाय ८०० पिक्सेलांचं, आणि ते दोन डोळ्यांत वाटलेलं, म्हणजे एका डोळ्याला ६४० बाय ८००. पिक्सेलांमधल्या काळ्या रेषा सतत डोळ्यांसमोर असत आणि बारीक अक्षर वाचता येत नसे. त्या काळात पडद्याची क्षमता खरोखरच मर्यादित होती, म्हणून यासाठी मी कोणाला दोष देत नाही. ज्या गोष्टीला असं कारण नव्हतं तिला मात्र देतो. विंडोज या हेडसेटला दुसरा मॉनिटर समजे. एखादी सूचनेची खिडकी चुकून तिकडे उघडली की तिचा डावा भाग डाव्या डोळ्याला आणि उजवा उजव्या डोळ्याला दिसे, आणि ती वाचण्यासाठी हेडसेट उतरवावा लागे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला दिवसभर हेच करावं लागतं: दोन ओळी बदला, हेडसेट चढवा, बघा, उतरवा, पुन्हा कीबोर्ड शोधा.

पाचवी तक्रार सगळ्यांत मोठी. डीके-१ ला डोकं कुठे वळलं ते कळे, कुठे सरकलं ते कळत नसे. त्यातले सेन्सर सेकंदाला हजार वेळा वळण मोजत आणि ते काम उत्तम करत. पण टेबलावरची वस्तू जवळून बघायला माणूस पुढे वाकला, तर टेबलही त्याच्याबरोबर पुढे सरके. कानातला तोल सांगे की शरीर हललं, डोळे सांगत की जग आपल्यासोबत आलं. यातून मळमळ होते आणि हेडसेट उतरवल्यावरही ती बराच वेळ राहते.

२०१४ च्या जुलैपासून डीके-२ पोहोचू लागला. किंमत ३५० डॉलर. त्याने पाचवी तक्रार समोर ठेवायच्या कॅमेऱ्याने बरीचशी दूर केली. चित्र फरफटल्यासारखं पुसट व्हायचं, तेही नव्या ओलेड पडद्याने थांबवलं. याचं श्रेय द्यायलाच हवं. पण आता कॅमेऱ्याची यूएसबी आणि कॅमेऱ्याला हेडसेटच्या केबलशी जोडणारी आणखी एक वायर वाढली. पाठ फिरवली की कॅमेऱ्याला हेडसेटवरचे इन्फ्रारेड दिवे दिसत नसत आणि माग सुटे. पडदा तर गॅलक्सी नोट ३ या फोनचा होता. यंत्रं उघडून दाखवणाऱ्या आयफिक्सिटच्या तंत्रज्ञांनी हेडसेट उघडला तेव्हा आतून सॅमसंगचं नाव असलेलं फोनचं अख्खं तोंडच निघालं. फोन उभा असतो, म्हणून विंडोजच्या सेटिंगमध्ये तो पडदा ९० अंशांत फिरवावा लागे. तो ७५ हर्ट्झवर आणि मुख्य मॉनिटर ६० वर चालत असेल तर चित्र अडखळे. आणि भिंगं? ती याही वेळी जागची हलत नव्हती.

यावर ठरलेलं उत्तर असं, की ही विकासकांसाठीची आवृत्ती होती. गैरसोय गृहीतच होती. मला हे उत्तर मान्य नाही. डेव्हलपर आवृत्ती पुढच्या प्रोग्रॅमरांची निवड करते. ज्यांचे डोळे ६३.५ मध्ये बसले, ज्यांना नंबर नव्हता, ज्यांचं पोट मळमळ सोसून टिकलं, ते या कामात राहिले. बाकीच्यांनी हेडसेट परत खोक्यात ठेवला. त्यांनी जे कार्यक्रम लिहिले असते ते लिहिलेच गेले नाहीत. उरलेल्यांनी स्वतःच्या डोळ्यांना जे सोसतं तेच सर्वांना सोसेल असं धरून कामं केली. म्हणून तो किरकोळ त्रास किरकोळ राहत नाही.

२०१६ च्या मार्चमध्ये ग्राहकांसाठीचा रिफ्ट आला, तेव्हा त्याच्या खाली भिंगं सरकवायची एक छोटी दांडी होती. म्हणजे ते अशक्य नव्हतं. तरी २०१९ मध्ये आलेल्या रिफ्ट एस मधून ती दांडी काढून टाकली गेली. तोवर कंपनी फेसबुकच्या मालकीची झाली होती. तेव्हा ऑक्युलसचे संस्थापक पामर लकी यांनी जाहीरपणे लिहिलं, की त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतलं अंतर ७० मिलिमीटरच्या जवळ असल्यामुळे हा हेडसेट त्यांना वापरता येत नाही. ज्यांनी पहिलं यंत्र बनवलं त्यांनाही सहा वर्षांनी हीच तक्रार करावी लागली.

जे कोणी आज नवा हेडसेट घडवत आहेत, मग ते कुठल्याही देशातले असोत, त्यांना माझी एकच विनंती आहे. पडदा पुढच्या वर्षी सुधारा, वायरी त्याच्या पुढच्या वर्षी काढा. पण विकासकांना पाठवायच्या अगदी पहिल्या नमुन्यातच भिंगं सरकवायची सोय द्या आणि चष्म्याला जागा ठेवा.