टोनदादा

गिटारवाल्याचं घर आवाजावरून सापडतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी मढच्या कोळीवाड्यात टोनदादाचं घर शोधायला जाऊ नये. रात्री अकरानंतर त्याच्या दारात उभं राहिलात तर आतून तारा खरवडल्याची बारीक खुडबुड ऐकू येईल आणि मधेच एका बाप्याचा तृप्त हुंकार. बस्स. बाकी सगळं त्याच्या हेडफोनात चाललेलं असतं. तिथे शंभर वॅटचा मार्शल अँप धडाडत असतो. घरात आई-बाबा, बायको, पोरं, भिंतीपलीकडे चुलत्यांचं बिऱ्हाड. खरा मार्शल या खोलीत लावला तर बाहेर वाळत घातलेले बोंबील वलांडीवरून उड्या मारतील.

तसा हा माणूस फक्त मढचा नाही. भांडुपला आहे, बोरिवलीला आहे, डोंबिवलीत तर ढिगाने. गिटार वाजवणं हा त्याचा छंदच नव्हे. त्याचा छंद टोन. त्याला पूर्ण गाणं वाजवताना कुणी पाहिलेलं नाही. चार सुरांचा एक तुकडा तो वर्षानुवर्षं वाजवतो आहे, दर वेळी वेगळ्या पॅचवर, म्हणजे साठवून ठेवलेल्या आवाजावर, आणि दर वेळी विचारतो, "आता?"

त्याचा सिद्धांत एका ओळीत मावतो: गिटारचा आवाज घडवणारा दहा हजारांचा डबा आणि दीड-दोन लाखांचा डबा, आवाज एकच. हा सिद्धांत तो वर्सोव्याच्या तरीवर मांडतो, मालाड स्टेशनच्या २७१ नंबरच्या बसमध्ये मांडतो, मयताला आलेल्या पाहुण्यापुढेही मांडतो. तरीत चढायला आणि उतरायला मिळून काही मिनिटं, तेवढ्यात तो अर्ध्या शतकाचा इतिहास आटपतो. १९७५ साली रोलंडने जेसी-१२० अँप काढला, त्यात व्हॉल्व्ह नव्हतेच, म्हणून तो गरम होत नाही, बिघडत नाही आणि भाड्याने देणाऱ्यांचा लाडका झाला. १९९८ साली लाइन सिक्सचा पॉड आला, लाल, राजम्याच्या दाण्यासारखा, आणि नामांकित अँपचे आवाज एका हातात मावायला लागले. २०११ साली जर्मनीतल्या केम्परने कहर केला. खऱ्या अँपमध्ये चाचणीचे आवाज सोडायचे, तो काय उत्तर देतो ते यंत्राने ऐकायचं आणि त्याची नक्कल उतरवून घ्यायची. पुढे हेलसिंकीच्या न्यूरल डीएसपीचा क्वाड कॉर्टेक्स. त्याला मोबाइलसारखी बोटाने चालणारी काच, आणि पायाने दाबायचे खटके हाताने फिरवले की तेच नॉब होतात! इथे टोनदादाचा आवाज भक्तिभावाने खाली येतो. मग एकदम वर चढतो, "पण स्टीव्हन अ‍ॅटकिन्सनने न्यूरल अँप मॉडेलर फुकट वाटला ना! फुकट! आता चिनी डब्यांतही तसंच कॅप्चर, म्हणजे अँपची नक्कल, चालतंय. मग लाख रुपये कशाचे?"

लाख रुपये कशाचे, हे त्याला नीट माहीत असतं. महागड्या यंत्रात ताकदीचा प्रोसेसर असतो, दोन अँप, कॅबिनेट, रिव्हर्ब, डिले सगळं एकदम लावलं तरी ते दमत नाही. स्वस्तात तिसरी गोष्ट लावली की पडद्यावर "जागा नाही" अशा अर्थाची पाटी येते. स्वस्तात पॅच बदलला की आवाज क्षणभर तुटतो, उचकी लागल्यासारखा; टोनदादा नेमक्या त्या क्षणी खोकतो. महागड्याला धातूची पेटी, मिक्सरला थेट जोडायच्या एक्सएलआर जागा, वर्षानुवर्षं मिळणारे अपडेट. स्वस्ताला नखाएवढे खटके, एकावर पाय ठेवला की शेजारचाही दबतो. टोनदादाचा अंगठा कोळ्याचा, रुंद. तो आता करंगळीने पॅच बदलायला शिकला आहे. हे सगळं कबूल करून तो शेवटी म्हणतो, "पण मी आवाजाबद्दल बोलतोय."

आणि आवाजाबद्दल तो फारसा चुकत नाही, हे मान्य करायला हवं. हेडफोन लावून, डोळे मिटून, चांगलं कॅप्चर आणि चांगला आयआर लावला तर भल्याभल्यांना ओळखता येत नाही. आयआर म्हणजे स्पीकरच्या खोक्याचा, त्याच्यासमोरच्या माइकचा घेतलेला ठसा. स्वस्त डब्यात कंपनीने भरलेले ठसे बहुधा कोंदट असतात, ते काढून दुसरे टाकले की डब्याचा स्वभावच बदलतो. टोनदादाकडे अशा ठशांचा एवढा साठा आहे की ऐकून संपवायला पुढचा जन्म लागेल.

सिद्धांत असा स्वस्ताईचा; पण स्वस्त डबे सहा घेतले की त्यांची बेरीज महागड्याच्या वाटेला लागते, हे गणित घरात फक्त वहिनीला जमतं. टोनदादा घरी किंमत सांगताना एक शून्य गिळतो. वहिनी बाजारात मासळीचा वाटा लावणारी बाई, तिला भाव कळतो. ती विचारते, "हा पण तीन हजारांचाच काय? आदला पण तीन हजारांचा होता. मग तो दे ना माझ्या भावाला तीन हजारात." टोनदादा त्यावर चहा मागतो.

त्याचं एक वेगळं दुःख आहे. मढला बंगल्याबंगल्यांत मालिकांची शूटिंगं चालतात. एकदा त्याची गिटार भाड्याने नेली. तोही उत्साहाने डबा घेऊन गेला. नायकाने ती गच्चीवर उभं राहून जीव तोडून वाजवली, केस उडवले, डोळे मिटले, आणि इलेक्ट्रिक गिटारला वायरच नाही! टोनदादाने कुणा सहायकाला हळूच सांगितलं, "साहेब, जॅक." त्याने टोनदादालाच जॅक नावाचा माणूस समजून मेकअपच्या खोलीकडे बोट दाखवलं.

पण खरी परीक्षा हळदीच्या मांडवात. कोळ्यांची हळद म्हणजे बेंजो पार्टी, आणि तिथे टोनदादाला कधीमधी मागे उभं करतात. बेंजोवाले काका साठीचे. त्यांच्या पायाशी नव्वदच्या दशकातला झूम ५०५, दोन आकडे दाखवणारा लाल डोळा, चोवीस पॅच, त्यातला एकच वापरात. बाकीच्यांना हात लावला तर "बिघडेल" म्हणून त्यावर चिकटपट्टी. नऊ व्होल्टची बॅटरी घातलेली. काकांनी पहिली छेड काढली की म्हाताऱ्या उठून नाचतात. टोनदादाने संध्याकाळभर खपून तीन किलोहर्ट्झला अर्धा डेसिबल कमी केलेला असतो. साउंडवाला पोरगा त्याचा चॅनल हातात घेतो, ट्रेबल पार खाली ओढतो आणि ऑक्टापॅड वर करतो. टोनदादा त्या पोराकडे बघतो तसं बर्फाचा ट्रक उशिरा आल्यावर त्याचे बाबासुद्धा कुणाकडे बघत नाहीत.

हे बाबा म्हणजे निवृत्त तांडेल. अंधारात खाडीत शिरणारी बोट कुणाची, हे घरात बसून इंजिनाच्या आवाजावरून सांगणारे. एकदा जून-जुलैची मासेमारीबंदी चालू होती, बोटी वर ओढलेल्या, घरात सगळे रिकामे. टोनदादाने मालाडच्या कुठल्याशा स्टुडिओतून एका दिवसासाठी क्वाड कॉर्टेक्स मागून आणला, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून. मित्र जमले. सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि तोच चार सुरांचा तुकडा दोन्ही डब्यांवर आलटून पालटून वाजवला. एक म्हणाला पहिला महाग, एक म्हणाला दुसरा, एकाने विचारलं पहिला कुठला होता. टोनदादाचा चेहरा विजयाने फुलला. लाखाचा सिद्धांत दहा हजारांत सिद्ध.

कोपऱ्यात जाळं शिवत बसलेले बाबा मान वर न करता म्हणाले, "पयल्यात घूं हाय."

"कसली घूं, बाबा?"

"वाजवतोस तवा नाय. थांबतोस तवा."

खोली शांत झाली. टोनदादाने हात तारांवर ठेवला. कान दिले. होती. बारीक, माशी अडकल्यासारखी. प्लग काढला, गेली. लावला, आली. त्याच्या स्वस्त डब्यात खोट नव्हती. खोट होती अ‍ॅडाप्टरमध्ये; डब्यासोबतचा हरवल्यावर त्याने हा दुसरा फूटपाथवरून दीडशे रुपयांत आणला होता. नशीब, निदान प्लस-मायनस तरी जुळलेलं; उलटा निघता तर डबाच गेला असता.

मित्र हसले, वहिनीने भज्यांचं ताट ठेवलं, बाबांनी पुढची गाठ मारली. टोनदादा मात्र हसला नाही. त्याला नवा विषय मिळाला होता. महिन्याभराने तो तरीवर भेटला तेव्हा डबा, अँप, आयआर यातलं काहीच निघालं नाही. त्याने पिशवीतून काळी, जड, विटेसारखी वस्तू काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "आयसोलेटेड पॉवर सप्लाय. प्रत्येक जागा वेगळी, एकीचा करंट दुसरीला लागत नाही. आता सांग, बाबांना काय ऐकू येणार?"

"केवढ्याला?"

त्याने वळून जेट्टीकडे पाहिलं. वहिनी टोपली घेऊन येत होती. "तीन हजार," तो मोठ्याने म्हणाला.