कमरेला कारखाना

दर सोसायटीत, दर कचेरीत एक सज्जराव असतातच. ओळख सोपी आहे. कमरेच्या पट्ट्याला एक काळं कव्हर लटकत असतं, आणि कुणी सहज "हे उघडत नाहीये" म्हणालं की पुढचा शब्द निघायच्या आत सज्जरावांचा हात तिकडे गेलेला असतो. कव्हरातून मल्टिटूल निघतं, खटकन उघडतं आणि बिस्किटाचा पुडा फुटतो. या पुड्यासाठी त्यांनी पाऊण वर्ष अभ्यास केलेला असतो. पातं एका हातानं उघडतं का, उघडल्यावर लॉक होतं का, पकडीला स्प्रिंग आहे का, पोलाद रॉकवेलच्या मापावर किती कठीण भरतं, सगळं तोंडपाठ. घरात मात्र ती वस्तू 'ह्यांचं ते' एवढ्याच नावानं ओळखली जाते. सज्जरावांच्या अभ्यासाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती क्रमाबद्दल. जगात आधी अडचण येते आणि मग अवजार होतं. सज्जराव आधी अवजार घेतात आणि मग अडचणीच्या शोधात बाहेर पडतात.

पुरावा मल्टिटूलच्या कुळकथेतच आहे. १८८९ साली स्विस सैन्यानं नवी रायफल घेतली. ती खोलायला स्क्रूड्रायव्हर लागे, शिधा पत्र्याच्या डब्यांतून येई. म्हणून सैनिकाच्या चाकूत पातं, आरी, डबा उघडायचा आकडा आणि स्क्रूड्रायव्हर, अशी मोजून चार अवजारं आली. १८९१पासून तो चाकू पुरवणाऱ्या कार्ल एल्सेनर यांनी १८९७ मध्ये बूच काढायचा स्क्रू घालून अधिकाऱ्यांसाठी वेगळा चाकू काढला. सैन्यानं तो अधिकृत सामानात घेतला नाही, पण अधिकाऱ्यांनी पदरचे पैसे टाकून घेतला. लढाईत बूच कुठे काढायचं असतं, असं कुणी विचारेल. खरं आहे, पण बाटली तरी खरी होती! पुढे १९७५ मध्ये अमेरिकेतले टिम लेदरमन बायकोबरोबर जुनाट फियाट घेऊन युरोपात हिंडले. गाडी सारखी बिघडे, स्वस्त हॉटेलांतले नळ गळत आणि खिशातल्या चाकूला पक्कड नव्हती. त्या उणिवेच्या मागे लागून त्यांनी पक्कडवालं टूल बनवलं. ते बाजारात यायला १९८३ उजाडलं. सज्जरावांची गाडी सर्व्हिस सेंटरला जाते आणि नळ गळला तर प्लंबर येतो. फार लांब कशाला, आपल्या आज्यांच्या कमरेची चंची बघा. पान, सुपारी, चुन्याची डबी, अडकित्ता, प्रत्येक खणाला रोजचं काम. वेळ पडली तर असू दे म्हणून चंचीत कुणी करवत ठेवली नाही.

आता सज्जरावांचा खरा दिवस तपासू. कुरिअरच्या खोक्याची टेप, नव्या शर्टाचा प्लास्टिकचा टॅग, बाहीचा सुटलेला दोरा, बोटात गेलेलं कुसळ, फार तर एखादा ढिला स्क्रू. या कामांना कात्री, बोटभर पातं, चिमटा आणि एक चपटं टोक पुरतं. व्हिक्टोरिनॉक्सच्या 'क्लासिक' नावाच्या ५८ मिलिमीटरच्या चाकूत हे सगळं असतं. वजन साधारण २१ ग्रॅम, किल्ल्यांच्या जुडग्यात आहे हेही आठवत नाही. सज्जराव घेतात लेदरमनचं 'वेव्ह प्लस', वजन २४१ ग्रॅम, म्हणजे पाव किलोला नऊ ग्रॅम कमी. त्यात पक्कड आहे, करवत आहे, कानस आहे. पहिला महिना ते कमरेला राहतं, गाडीत बसताना बरगडीखाली टोचायला लागलं की बॅगेत जातं आणि दिवाळीच्या साफसफाईत कपाटाच्या खणात सापडतं. खोकं त्या दिवशीही येतं. ते किल्लीनं फाडलं जातं. आणि पक्कडीचं खरंखुरं काम निघालंच, तर घरातली नाशिकची टपारिया पक्कडच काढावी लागते. घडीच्या पक्कडीनं गंजलेला नट फिरवायला गेलं की नटाच्या आधी तळहात सोलतो. विजेच्या कामाचं तर नावच नको, हिच्या मुठी उघड्या धातूच्या असतात.

"पण एखाद्या रात्री घाटात गाडी बंद पडली तर?" हा सज्जरावांचा हुकमी सवाल. पडली तर चाकाचे नट कुठल्याच मल्टिटूलनं निघत नाहीत, त्याला पाना लागतो आणि तो गाडीबरोबरच आलेला असतो. शिवाय सज्जराव कव्हराचं बटण उघडेपर्यंत मागचा ट्रकवाला उतरलेला असतो, चहाच्या टपरीवरचे चौघे आलेले असतात आणि प्रत्येकाकडे वेगळा सल्ला असतो. आपल्याकडे अडचणीला आधी माणसं धावतात. दुसरा आक्षेप सज्जरावांना हसणाऱ्यांचा: मग काही बाळगायचंच कशाला, किल्ली आहे, दात आहेत. इथे मी सज्जरावांच्या बाजूचा. दुधाची पिशवी दातानं फाडणाऱ्यानं कुणाला हसू नये, आणि हसणारे टॅग कापायला शेवटी त्यांच्याकडेच येतात. तिसरा आक्षेप वजनदार आहे. हा छंद आहे, त्यात गरज कशाला शोधायची? मान्य. पण मग घड्याळांच्या शौकिनासारखं मोकळेपणानं शौक म्हणावं, घाटातली रात्र साक्षीला आणू नये. ते शौक म्हणत नाहीत, कारण त्यांना आणखी काही हवं असतं: कुणीतरी मागावं. २१ ग्रॅमच्या चाकूला कव्हर नसतं, खटका नसतो. त्यानं दोरा कापला तर शेजारच्याला कळतही नाही. लहान चाकूत सज्जरावांना जी उणीव दिसते ती एवढीच, आणि ती कुठल्याही तक्त्यात लिहिलेली नसते.

विमानप्रवासात मात्र पंचाईत होते. केबिनमध्ये पातं नेता येत नाही, आणि वस्तू घरी ठेवणं म्हणजे निःशस्त्र होणं. म्हणून एका दिवसाच्या दिल्लीवारीलाही सज्जराव बॅग चेक-इन करतात. बॅगेत दोन शर्ट, दाढीचं सामान आणि कव्हरासकट ते. कुणी हात घालू नये म्हणून चेनच्या दोन्ही टोकांना नायलॉनचा टाय ओढून घट्ट बसवतात. दिल्लीला पट्ट्यावरून बॅग आली की टाय कापायचा असतो आणि कापायचं साधन बॅगेत असतं. मग सज्जराव शेजारच्या गृहस्थांना हळूच विचारतात, "आपल्याकडे काही आहे का हो?" गृहस्थ खिशातून किल्ल्या काढतात. त्यात जत्रेत घेतलेला नेलकटर अडकवलेला असतो.