पंधरावा क्लब

गोल्फमध्ये चेंडू पुढे जाण्याआधी माणूस पिशवीपाशीच अडकतो. पिशवीत जास्तीत जास्त चौदा क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या. अमेरिकेत हा नियम १९३८ साली आला, ब्रिटनमध्ये पुढच्या वर्षी. त्याआधी धरबंधच नव्हता. लॉसन लिटल नावाचा पट्टीचा खेळाडू तीसेक क्लब घेऊन हिंडायचा. नियम झाला तेव्हा पिशवी वाहणाऱ्या कॅडींच्या खांद्यांनी दुवाच दिला असेल.

चौदाही काही थोडे नाहीत. सात नंबरच्या आयर्न क्लबने चेंडू आठ नंबरपेक्षा साधारण दहा यार्ड लांब जातो. मग अंतर बघितलं, क्लब उचलला, संपलं! पण वारा समोरून असतो, चेंडू गवतात रुतलेला असतो, आणि सोबतचे तिघे बघत असतात. आठ नंबरने पोचणाऱ्याचा रुबाब वेगळा, म्हणून गडी आठ काढतो आणि चेंडू तळ्यात जातो.

अशा वेळी आपण काय करू? विचारू. साडीच्या दुकानात शेजारच्या अनोळखी बाईंनाही "ही बरी की ती?" असं विचारता येतं. इथे स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याला "तुम्ही कोणता घेतलात?" एवढं विचारलं की दोन फटक्यांचा दंड. त्याच्या पिशवीत डोकावायला मुभा आहे, पण क्लबांवरचा टॉवेल सारून बघितलंत तर पुन्हा दंड. बघा, पण हात लावू नका, हे नियमात लिहून ठेवणारा खेळ मला मनापासून आवडतो.

विचारता येत नाही, तर मग आत्मविश्वास हवा म्हणतात. तो जाँ व्हान द वेल्द या गोल्फरकडे पोत्याने होता. १९९९, कार्नूस्टी, ब्रिटिश ओपनचं शेवटचं होल, तीन फटक्यांची आघाडी. सहा फटके लागले तरी चषक त्याचाच. त्याने ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारणारा क्लब काढला, मग दोन नंबरचं आयर्न. चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडवर आपटून मागे आला, पुढे ओढ्यात गेला, आणि हा पँट दुमडून पाण्यात उतरला. सात फटके झाले. प्लेऑफमध्ये चषक पॉल लॉरीने नेला.

माझा जीव मात्र इयन वूझनमवर. २००१, रॉयल लिदम, ओपनचा शेवटचा दिवस. पहिल्याच होलवर बर्डी, म्हणजे ठरल्यापेक्षा एक फटका कमी. दुसऱ्या होलच्या सुरुवातीला कॅडीला दिसलं की पिशवीत ड्रायव्हर दोन आहेत; सरावात दोन्ही मारून बघितले होते, एक काढायचा राहिला. पंधरा क्लब, दोन फटके दंड. वूझनमने जादा ड्रायव्हर भिरकावून दिला आणि तिसऱ्या क्रमांकावर बरोबरीत आला. कॅडीला मात्र त्याने ठेवलं. काढलं ते दोन आठवड्यांनी, स्वीडनमधल्या स्पर्धेत तो सकाळी झोपून राहिला तेव्हा.