सिमेंटच्या गावात वागावे कसे

कोल्हापूरहून महामार्गाने निघाले की कागलच्या अलीकडे कणेरी लागते. तिथल्या सिद्धगिरी मठाच्या आवारात सिमेंटचे एक अख्खे गाव वसलेले आहे. माणसे अंगापिंडाने खऱ्याएवढी, बैल खऱ्याएवढे, आणि कुणालाच घाई नाही. अशा गावात शिरण्याची काही रीत असते. ती ठाऊक नसलेला दर्शक तिकीट काढतो, झपाझप चालतो आणि अर्ध्या तासात चहाच्या शोधात बाहेर पडतो.

पहिली तयारी म्हणजे सोबत एक आजोबा न्यावेत. स्वतःचे नसल्यास शेजाऱ्यांचे चालतात. ते जुने शेतकरी असावेत, एवढीच अट. टोपी आणि पाण्याची बाटली दुय्यम, तरी न्यावी. गाव उघड्यावर आहे आणि दुपारी सिमेंट तापते.

आजोबा विहिरीवरच्या मोटेपाशी अडकणार हे गृहीत धरावे. बैल धावेवरून उतरले की चामड्याची मोट भरून वर येते. जाड नाडा मोटेचा भार ओढतो आणि बारीक सोल तिची सोंड आवळून धरते. मोट काठाशी आली की सोंड थारोळ्यात मोकळी होते, पाणी पाटाला लागते आणि बैल उलट पावली वर चढतात. हे सगळे आजोबा हातवारे करून दाखवतील. त्या वेळी ‘मोटर का नाही लावली?’ असे नातवाने विचारू नये. विचारलेच, तर पुढचा पाऊण तास विजेच्या वेळापत्रकाला द्यावा लागतो.

मग बलुतेदार, म्हणजे धान्याच्या वाट्यावर गावाची कामे करणारे, मोजायला घ्यावेत. हा कार्यक्रम कुटुंबातील सलोखा तपासण्यासाठी उत्तम. एक प्रचलित यादी अशी: थोरल्या ओळीत सुतार, लोहार, महार, मांग, मधल्या ओळीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी, धाकट्या ओळीत भट, मुलाणा, गुरव, कोळी. शेतकऱ्याच्या खळ्यावर धान्याचा वाटा याच क्रमाने कमी होत जाई. पण यादी मुलखागणिक बदलते; कुठे सोनार आत येतो, कुठे कोळी बाहेर जातो. त्यामुळे सहलीत दोन गावची माणसे असली की बेरीज बाराची तेरा होते आणि तेरावा कोण यावरून आवाज चढतात. अठरा अलुतेदारांत तेली, तांबोळी, साळी, शिंपी, गोंधळी वगैरे येतात. ते जेवणानंतर मोजावेत.

फोटो काढताना न्हाव्यापुढे गाल धरून बसण्याचा मोह आवरावा. मूर्तीच्या नाकाला हात लावून ‘खरं वाटतं हो!’ म्हणण्याची गरज नाही. उजेड तिरपा असेल तेव्हा जरा जवळून पाहावे: हाताच्या शिरा, कपाळावरच्या आठ्या, पटक्याचा पीळ. इथे शिल्पकाराने घातलेला वेळ सेल्फीत मावत नाही.

या गावात एक सोय मोठी आहे. सावकार दारात उभा राहत नाही, बलुते थकत नाही, पाणवठ्यावरून कुणाला हाकलले जात नाही. स्वयंपूर्ण गावाचे स्वप्न मांडायचे तर भांडणे वगळावी लागतात, हे समजण्यासारखे आहे. तरीही जाण्याआधी त्रिंबक नारायण आत्रे यांचे १९१५ सालचे ‘गावगाडा’ चाळून घ्यावे. बलुत्याची घडी आणि त्या घडीतली कुरकुर, दोन्ही त्यात सापडतात. जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ मात्र सहलीच्या पिशवीत ठेवू नये. तो वाचल्यावर सिमेंटचा शेतकरीसुद्धा इतका धष्टपुष्ट कसा, असा प्रश्न पडतो आणि मग जेवण गोड लागत नाही.

बाहेर पडताना आजोबांची मोजणी करावी. ते बहुधा पुन्हा मोटेपाशी गेलेले असतात, कुठल्या तरी अनोळखी मुलाला नाडा आणि सोल यांतला फरक सांगत.